मूत्रपिंडाचं पान उघडून बघ

हिंगोली जिल्ह्यातल्या, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ॲनाटॉमी-फिजिओलॉजीसाठी, म्हणजे शरीराची रचना आणि कार्य या विषयासाठी, कोणतं पुस्तक घेऊ असं ती विचारते. फुलस्केपची दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. त्यातला मुद्द्याचा भाग इथे देते.

‘ताई, मी यंदा जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा मराठीतून, बारावी आर्ट्स. ॲनाटॉमी-फिजिओलॉजीच्या तासाला मॅडम काय म्हणतात ते मी नुसतं उतरवून घेते, कळत काहीच नाही. मामाने पुस्तकांसाठी 2,000 रुपये दिलेत. दुकानदार म्हणतो गाईड घे, सगळ्या मुली तेच नेतात. सिनियर दीदी म्हणतात, मागच्या पाच वर्षांचे प्रश्न पाठ कर. चुलतभाऊ एमबीबीएसला आहे, त्याने चौरसियाचे जुने भाग आणि गायटन दिलं. चौरसियाचा पहिला भाग उघडून बसले तर दोन तासांत दीड पान झालं, तेही शब्द शोधण्यात. मराठी पुस्तक घ्यावं तर पेपर इंग्रजीत. कोणतं पुस्तक घेऊ? आणखी एक. लॅबमधली हाडं खरी आहेत म्हणतात, मला हात लावायची भीती वाटते. मी आर्ट्सची, चुकीच्या ठिकाणी तर नाही ना आले?’

बाळा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो मनात असेपर्यंत कुठलंही पुस्तक उघडलंस तरी डोळ्यांपुढून अक्षरं नुसती सरकत राहतील. तू चुकीच्या ठिकाणी आलेली नाहीस. जीएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते, तसा नियमच आहे. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी तुझ्यासारख्या मुली समोर धरूनच तो आखला आहे. मी नर्सिंग स्कूलमध्ये 27 वर्षं हाच विषय शिकवला. दर वर्षी निम्मा वर्ग आर्ट्सचा असायचा. त्यातल्या ज्या मुली मागे पडल्या त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पडल्या, आणि बहुतेक वेळा कारण एकच असायचं: हातात भलतंच पुस्तक पडलेलं असायचं. दीड पानाला दोन तास लागले यात तुझा काही दोष नाही. ते पुस्तक तुझ्यासाठी लिहिलेलंच नाही.

चौरसियांचं पुस्तक चांगलं आहे. भारतातल्या कितीतरी डॉक्टरांचं ॲनाटॉमी त्यावरच झालं. पण एमबीबीएसची मुलं हा विषय शिकतात ती डिसेक्शनच्या, म्हणजे मृतदेह उघडून शिकायच्या, टेबलाशी उभं राहून. तिथे हात घेतला की हातातली हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या, चेतातंतू सगळं एकदम घेतात, मग पुढच्या भागाकडे वळतात. पुस्तकाचे भागही त्याच बेताने केले आहेत. पहिल्यात हात आणि छाती, दुसऱ्यात पाय, पोट आणि ओटीपोट, तिसऱ्यात डोकं आणि मान, चौथ्यात मेंदू. तुझा अभ्यासक्रम मात्र संस्थांप्रमाणे जातो: अस्थिसंस्था, रक्ताभिसरण, श्वसन, पचन, उत्सर्जन. उद्या तू रक्ताभिसरणाचा धडा काढायला गेलीस तर हृदय पहिल्या भागात सापडेल, मांडीची धमनी दुसऱ्यात, मानेत नाडी लागते ती धमनी तिसऱ्यात. तीन पुस्तकं मांडीवर घेऊन बसलीस तरी धडा काही जुळायचा नाही. हे तुला कुणी सांगितलं नाही आणि तू स्वतःलाच बोल लावत बसलीस.

गायटनचंही तसंच, पण थोडं वेगळं. आर्थर गायटन सर्जन व्हायला निघाले होते. 1946 साली त्यांना पोलिओ झाला. एक पाय, एक हात आणि खांदे अधू झाले, सर्जरी सुटली. मग मिसिसिपीत त्यांनी शरीरक्रियाशास्त्र शिकवायला घेतलं आणि 1956 मध्ये या पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. पुढच्या बऱ्याच आवृत्त्या त्यांनी एकट्याने लिहिल्या. म्हणून ते वाचताना एकच शिक्षक समोर बसून समजावतो आहे असं वाटतं. मला ते पुस्तक फार प्रिय आहे. पण त्याची पानं हजाराच्या वर, आणि तुला हा अख्खा विषय वर्गात 90 तासांत संपवायचा आहे. भावाला परत देऊ नकोस. कपाटात ठेव. तिसऱ्या वर्षाला आयसीयूमध्ये ड्यूटी लागेल तेव्हा एखाद्या रात्री ‘असं का होतं?’ म्हणून तूच ते उघडशील.

आता गाईडबद्दल. इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण दुकानदार आणि सिनियर दोघंही तुला तिकडेच ढकलत आहेत.

मी शिकत होते तेव्हा आमच्याकडेही गाईडच होतं. त्यात एक ओळ होती: कमरेचं इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या चतकोरात द्यावं. आम्हा सगळ्यांना ती पाठ होती, परीक्षेत तीच लिहून आम्ही मार्क घेतले. दुसऱ्या वर्षाला पुरुषांच्या वॉर्डात माझी बॅचमेट एका माणसाला इंजेक्शन देत होती. मी शेजारी ट्रे धरून उभी. माणूस हमाली करणारा, चाळिशीचा, अंगाने अगदी वाळका. तिने चतकोर नीट मनात आखला, वरचा बाहेरचा भाग निवडला आणि सुई घातली. तो माणूस ओरडला. पायाच्या बोटांपर्यंत वीज गेल्यासारखं झालं म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला पाऊल वर उचलता येईना. तो घरी गेला तेव्हा पाऊल फरपटत गेला, आणि किती महिने तसाच चालला असेल ते मला कळलं नाही. ओझं वाहून पोट भरणारा माणूस होता तो.

माझी मैत्रीण निष्काळजी नव्हती. तिला ओळ पाठ होती, पण चतकोर कशाचा हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. कुल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मांसल, फुगीर भाग येतो. तिने तेवढ्याचेच चार भाग केले. खरं तर तो प्रदेश वर कंबरेच्या हाडाच्या कडेपर्यंत जातो. कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस की पंज्याखाली जी कड लागते ना, तिथपर्यंत. वरचा तो सगळा भाग सोडून दिला की तुमचा ‘वरचा चतकोर’ आपोआप खाली सरकतो. आणि खाली सायटिक नर्व्ह आहे. शरीरातली सगळ्यात जाड नर्व्ह, म्हणजे चेतातंतू, जवळपास आपल्या अंगठ्याएवढी रुंद. ओटीपोटातून मागे बाहेर पडते आणि आपण ज्या हाडावर बसतो ते हाड आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा यांच्या मधून मांडीत उतरते. वाळक्या माणसाच्या अंगावर तर तिच्यावर मांसाची गादीही नसते.

एक चित्र हवं होतं. हाडाची कड, नर्व्हची वाट आणि सुईची जागा एकाच चित्रात. आमच्या गाईडमध्ये ते नव्हतं. ओळ होती, ती बरोबरही होती, आणि त्या माणसाच्या पायाला तिचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून गाईड विकत घेऊ नकोस. परीक्षेआधी पंधरा दिवस कुणाचं तरी मागून घे, प्रश्न कसे विचारतात ते बघ. दीदींनी सांगितलेले जुने प्रश्नही वाया जाणार नाहीत. एक धडा झाला की त्यावरचे प्रश्न काढ आणि पुस्तक मिटून उत्तर लिहून बघ. आधी धडा, मग प्रश्न. उलटं केलंस तर परीक्षा निघेल, वॉर्ड निघणार नाही.

मग कोणतं पुस्तक घ्यायचं? नाव सांगतेच, पण त्याआधी पुस्तक पारखायचं कसं ते सांगते. नावं बदलतात, आवृत्त्या बदलतात, तुझ्या गावच्या दुकानात मी सांगितलेलं मिळेलच असंही नाही. दुकानात उभी राहा आणि कुठल्याही पुस्तकातलं मूत्रपिंडाचं पान उघड. मूत्रपिंडच का? तिथे पुस्तकाला लपायला जागा नसते. तोंड, दात, जठर यांची वर्णनं कुणीही बरी करतं.

आपल्या दोन मूत्रपिंडांत दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं. एकेका मूत्रपिंडात अंदाजे 10 लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. आता बघ, माणूस दिवसाला लघवी करतो एक-दीड लिटर. मग उरलेलं पावणेदोनशे लिटर गेलं कुठे? आणि परत घ्यायचंच होतं तर एवढं गाळलं कशाला? शरीरात रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम तीन लिटर. म्हणजे तेच पाणी दिवसातून साठेक वेळा गाळलं जातं.

जे पुस्तक ‘गाळणं, पुन्हा शोषून घेणं, बाहेर टाकणं’ अशा तीन ओळी देऊन पुढे जातं ते खाली ठेव. जे पुस्तक तुला सांगतं की गाळणी फक्त आकार बघते, चांगलं-वाईट बघत नाही, म्हणून साखर, क्षार, पाणी सगळंच खाली पडतं आणि मग पुढच्या नळीत शरीर आपल्या कामाचं वेचून परत घेतं, ते हातात धर. त्याच पानावर रक्तदाब आणि लघवी यांचा संबंध दिला असेल तर आणखी उत्तम. रक्तदाब फार उतरला की गाळायला जोर उरत नाही, लघवी कमी होते. वॉर्डात सिस्टर तुला कॅथेटरच्या, म्हणजे लघवीसाठी घातलेल्या नळीच्या, पिशवीतली लघवी दर तासाला मोजायला लावतील आणि मोठ्या माणसाची 30 मिलीपेक्षा कमी झाली तर लगेच सांग म्हणतील. ज्या मुलीने ते पान वाचलं आहे तिला कळतं की आपण पिशवीत बघून त्या माणसाच्या हृदयाची आणि रक्ताची चौकशी करतो आहोत. जिने वाचलं नाही ती आकडा लिहून पुढच्या खाटेकडे जाते.

या कसोटीला उतरणारं, आणि तुझ्यासाठी मी पहिलं नाव घेईन असं पुस्तक म्हणजे रॉस आणि विल्सन. जॅनेट रॉस आणि कॅथलीन विल्सन या दोघी नर्सिंगच्याच शिक्षिका. 1963 साली त्यांनी हे पुस्तक नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी लिहिलं. आता दुसऱ्या लेखिका ते सांभाळतात, पण घाट तोच आहे. एकेक संस्था घेऊन आधी रचना, लगेच कार्य, आणि धड्याच्या शेवटी त्या संस्थेत काय बिघडतं ते. हा शेवटचा भाग तुझ्या फार कामाचा आहे. फुप्फुसाचा धडा संपतो तिथेच दमा आणि न्यूमोनिया भेटतात, आणि दुसऱ्या दिवशी मेडिकल वॉर्डात तेच पेशंट. इंग्रजी साधं आहे. वाक्यं आखूड, चित्रं रंगीत आणि भरपूर.

भारतीय लेखकांनी जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमाबरहुकूम लिहिलेली पुस्तकंही आहेत. काही खरोखर चांगली आहेत, काही म्हणजे जाड कव्हर घातलेली गाईडंच. मूत्रपिंडाचं पान त्यांनाही लाव. टोर्टोराचं पुस्तक सुरेख आहे, पण मोठं आणि महाग. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर चित्रांसाठी अधूनमधून बसून बघ. फोनवर वाचायची सवय असेल तर अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्सचं ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी इंटरनेटवर फुकट उतरवता येतं, रीतसर. पण अभ्यासाचं मुख्य पुस्तक एकच ठेव, आणि ते कागदाचं. वर्षभर एकाच पुस्तकाच्या पानांवर पेन्सिलीने लिहीत गेलीस की कुठली गोष्ट कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, हेसुद्धा डोळ्यांत बसतं.

मराठीचं काय, असं विचारलंस. मराठी सोडू नकोस. धडा सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी त्या अवयवावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाच. विश्वकोश इंटरनेटवर आहे, पैसे लागत नाहीत. अर्ध्या तासात तुला कळतं की उद्या कशाबद्दल बोलणार आहेत. मग इंग्रजी पुस्तक उघडलंस की शब्द नवे असतात पण गोष्ट ओळखीची असते. रात्री मैत्रिणीला तोच धडा मराठीत सांग. जिथे अडखळशील तिथे तुला कळलेलं नाही, पुन्हा वाच. पेपर इंग्रजीत लिहायचा म्हणून रोज एकाच प्रश्नाचं उत्तर आठ-दहा आखूड इंग्रजी वाक्यांत लिहीत जा. पण समजण्याचं काम मराठीतच होऊ दे, कुणी काही म्हणो.

इंग्रजी नावं मात्र शिकावीच लागतील, आणि त्याला कारण आहे. आपण ‘नस’ म्हणतो. सलाईन लावायला नस सापडत नाही म्हणतो, आणि मणक्यात नस दबली असंही म्हणतो. पहिली रक्तवाहिनी, दुसरी नर्व्ह. काळीज धडधडतं ते छातीत, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं. घरात हे चालतं, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. वॉर्डात रात्री दोन वाजता फोनवर डॉक्टरांना सांगताना चालत नाही.

आणि इथे तू आर्ट्सची आहेस हे तुझ्या कामाला येणार आहे. बारावीला संस्कृत होतं का तुला? नसलं तरी मराठी आहेच. ही लांबलचक नावं ग्रीक आणि लॅटिनची, म्हणजे संस्कृतच्याच लांबच्या बहिणींची. डेंटलमध्ये दंत आहे, नेझलमध्ये नासा. ‘हायपर’ म्हणजे जास्त, वर, आणि तो आपला ‘उपरि’चाच भाऊ. आपण ‘अनादर’ म्हणतो तसं ते ‘ॲन्युरिया’ म्हणतात. ‘अन्’ म्हणजे नाही, ‘युरिया’ (खताचा नव्हे) म्हणजे लघवीसंबंधी, मिळून लघवी न होणं. एकाच अवयवाची दोन नावं दिसली तर गोंधळू नकोस. एक ग्रीक घराण्यातलं असतं, एक लॅटिन. नेफ्रॉन, नेफ्रायटिस इथे मूत्रपिंड ग्रीकमधून आलं, रीनल आर्टरीत लॅटिनमधून. वहीची शेवटची चार पानं अशा तुकड्यांसाठी राख. पन्नासेक तुकडे जमले की निम्मी नावं तुझी तुलाच फोडता येतील.

तू पत्रात ज्या शब्दापुढे तीन उद्गारचिन्हं काढलीस तोच घेऊ. स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड. स्टर्नम म्हणजे छातीच्या मधलं हाड. क्लाइडो हा क्लॅव्हिकलसाठीचा तुकडा, म्हणजे गळ्याशी आडवं असतं ते हाड. मास्टॉइड म्हणजे कानामागचा हाडाचा उंचवटा. तो स्नायू खाली त्या दोन हाडांना आणि वर कानामागे चिकटलेला आहे. नावात त्याचा पूर्ण पत्ता लिहिला आहे. आता आरशापुढे उभी राहा, मान उजव्या खांद्याकडे वळव. डाव्या बाजूला मानेत तिरका दोर ताठ होईल. बोटाने चाचपून खालपासून वर जा. आता हा शब्द तू विसरणार नाहीस.

चित्रांबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ग्रेज ॲनाटॉमी हे नाव तू ऐकलं असशील. ते पुस्तक 1858 मध्ये लंडनला निघालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा, पण चित्रं सगळी हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढली. तोवर बऱ्याच पुस्तकांत चित्रावर बारीक आकडे असायचे आणि त्यांचा खुलासा दुसरीकडे कुठेतरी. कार्टरांनी हाडावर हाडाचं नाव, स्नायूवर स्नायूचं नाव, थेट चित्रातच लिहिलं. वाचणाऱ्याची नजर चित्रावरून हलत नाही. ज्या वर्षी पुस्तक निघालं त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी-फिजिओलॉजी शिकवू लागले. पुढे बरीच वर्षं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते आणि नंतर ग्रँटचेच प्राचार्य झाले. ज्यांच्या चित्रांवर जग ॲनाटॉमी शिकलं, त्यांनी आपल्या साताऱ्यात पेशंट तपासले आहेत. ते जाडजूड पुस्तक तुला घ्यायचं नाही. पण पुस्तक निवडताना कार्टरांची शिस्त ध्यानात ठेव: नाव आणि अवयव एकाच नजरेत आले पाहिजेत.

यासाठीच झेरॉक्स केलेली स्वस्त प्रत घेऊ नकोस. शरीराच्या चित्रांत रंग शोभेसाठी नसतो. शुद्ध रक्त तांबडं, अशुद्ध निळं. हृदयातून फुप्फुसाकडे जाते ती पल्मनरी आर्टरी, नाव धमनीचं पण चित्रात निळी, कारण तिच्यात अशुद्ध रक्त असतं. धमनीची व्याख्या हृदयापासून दूर नेणारी अशी आहे, शुद्ध रक्ताची नव्हे, हे त्या एका निळ्या रंगाने कळतं. झेरॉक्समध्ये दोन्ही सारखीच करडी. त्यापेक्षा जुनी आवृत्ती घे. माणसाची हाडं गेल्या दहा वर्षांत बदललेली नाहीत. पुण्याला कुणी जात-येत असेल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघायला सांग. नाहीतर तिसऱ्या वर्षाच्या मुली पास होऊन निघतात तेव्हा पुस्तकं विकतात, त्यांच्याकडे विचार. एक-दोन आवृत्त्या मागची चालेल, फार जुनी नको, कारण आजारांची माहिती आणि औषधोपचार बदलतात. घेण्याआधी पानं चाळ. चित्रांची पानं कापून प्रॅक्टिकल फाइलला चिकटवायची मुलींना सवय असते.

उरलेल्या पैशांची कोरी पानं असलेली मोठी वही आणि बारा रंगांच्या पेन्सिली घे. आठवड्याला एक चित्र. पुस्तकात बघून काढायचं, मग पुस्तक मिटून पुन्हा काढायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून काय राहिलं ते तांबड्याने भरायचं. सुंदर यायची गरज नाही. हृदयाच्या चार कप्प्यांत रक्त कुठून येतं, कुठे जातं, झडप कुठे, एवढं बिनचूक हवं. भावाने दिलेल्या चौरसियाचा खरा उपयोग इथे आहे. त्यातली रेखाचित्रं मुलांना परीक्षेत काढता यावीत म्हणूनच सोपी केलेली आहेत. वाचू नकोस, चित्रं बघून काढ.

घरी मांसाहार होत असेल तर सुट्टीत आलीस की मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं ‘दिल’ आण. शिजवण्याआधी आईची परवानगी घेऊन उभं चीर. डाव्या बाजूची भिंत दोन बोटांत धर, मग उजव्या बाजूची. डावी जवळजवळ तिप्पट जाड लागेल. उजव्या कप्प्याला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचं असतं, डाव्याला सगळ्या शरीरभर. आत पांढरे चिवट दोरे दिसतील, झडपांना बांधलेले. एक ओढून बघ म्हणजे झडप उलटी का फिरत नाही ते कळेल. मांसाहार होत नसेल तर काही अडत नाही, कॉलेजचं मॉडेल उघडून कप्पे हातांनी जोडून बघ.

आता हाडांची भीती. तुमच्या लॅबमधली खरी आहेत की प्लास्टिकची ते मला इथून सांगता यायचं नाही, दोन्ही असतात. खरी असतील तर तुला भीती वाटली हे मला वाईट वाटत नाही. तो कुणीतरी माणूस होता, हे तुला जाणवलं. ते जाणवू दे, फक्त हात मागे घेऊ नकोस. पहिल्या दिवशी एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा. कवटीने सुरुवात करू नकोस, आणि पुढे कधी उचलशील तेव्हा दोन्ही हातांनी खालून धर. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलायची नाही, तिथलं हाड कागदासारखं पातळ असतं.

सुरुवात मांडीच्या हाडाने कर. शरीरातलं सगळ्यात लांब हाड, धरायला सोपं. चेंडूसारखं गोल टोक वर, आणि मधल्या दांड्यावर जी खडबडीत उभी रेघ आहे ती मागच्या बाजूला. असं धरून ते स्वतःच्या मांडीपुढे आण, आधी उजव्या, मग डाव्या. ज्या मांडीपुढे गोल टोक आतल्या बाजूला, तुझ्या पोटाकडे वळलेलं दिसेल, त्या बाजूचं ते हाड. मग त्याच टोकाच्या बाहेरच्या अंगाला ठसठशीत उंचवटा चाचप आणि तोच तुझ्या स्वतःच्या कमरेखाली, बाजूला, तळहाताने शोध. हाच तो उंचवटा, ज्याच्यावर तळहात ठेवून, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाकडे आणि मधलं बोट मागे हाडाच्या कडेकडे ताणून, त्या दोन बोटांच्या बेचक्यात आता इंजेक्शन द्यायला शिकवतात. सायटिक नर्व्ह तिथून दूर असते. तुझ्या पहिल्या इंजेक्शनच्या आधी ही जागा मैत्रिणीच्या अंगावर दहा वेळा शोधून ठेव, जाड मैत्रिणीच्या आणि वाळक्या मैत्रिणीच्याही.